शुक्रवारचा मेसेज

"आला नाही अजून," ही म्हणाली.

"कोण?"

"कोण नाही हो, मेसेज. शुक्रवारचा."

मी घड्याळ पाहिलं. चार वाजून वीस मिनिटं झाली होती. निवृत्त होऊन आमच्या हिला जेमतेम तीन तास झाले होते. निरोपाला मिळालेली फुलं मोरीतल्या बादलीत उभी होती, कारण एवढी फुलं मावतील असं भांडं आमच्या घरात कधी लागलंच नव्हतं. मी हौसेने चहा केला होता. तिने कपाला हात लावला नव्हता आणि फोन मांडीवरून हलवला नव्हता.

"तू आता घरी आहेस," मी म्हणालो. "शुक्रवार त्यांचा. आपला काय संबंध?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी बशी उचलून चहा फुंकायला लागलो.

ही इस्पितळाच्या नेत्रपेढीत नोंदी ठेवायची. मेल्यावर डोळे दिलेल्या माणसांची नावं, त्यांच्या घरच्यांना आभाराची पत्रं, कोणता डोळा कोणाला लागला त्याची कागदपत्रं. एकतीस वर्षं नाकासमोर चालून तिने हे काम केलं. डोळ्याच्या पुढचा काचेसारखा पडदा असतो ना, तो तिथे छोट्या बाटल्यांत घालून फ्रीजमध्ये ठेवतात. फ्रीज दोन ते आठ अंशांत राहायला हवा. आठच्या वर गेला, की नियम म्हणजे नियम, बाटली फेकायची.

आता गंमत अशी, की दर शुक्रवारी चार वाजता इस्पितळाचा वायरमन जनरेटरची चाचणी घेतो. त्या झटक्याने हा फ्रीज बंद पडतो आणि आपणहून चालू होत नाही, मागचं लाल बटण दाबावं लागतं. ते दुरुस्त करा म्हणून किती वर्षं सांगतायत, पण पालथ्या घड्यावर पाणी. अकरा वर्षांपूर्वी एका शुक्रवारी बटण दाबायचं राहिलं आणि सोमवारी चार बाटल्या फेकाव्या लागल्या. त्या चार घरांना आभाराची पत्रं हिनेच लिहिली होती. ही आठवडाभर नीट जेवली नाही.

मग तिने लेकीची कॉलेजातली जुनी पुस्तकं काढली. पन्नाशीला टेकलेली बाई, रोज जेवणं आटोपली की टेबलाशी बसायची आणि स्वतःशीच पुटपुटायची. तीन महिन्यांनी तिने इस्पितळाच्या मोठ्या संगणकावर स्वतःच्या खात्यात एक छोटा प्रोग्रॅम बसवला. तो कोणाला दिसत नाही, मागच्या मागे चालत राहतो. दर पाच मिनिटांनी फ्रीजमधल्या तापमापकाला विचारतो, "काय रे, किती?" पाचच्या वर आकडा गेला की यादीतल्या सगळ्यांना मेसेज पाठवतो. जो जवळ असेल तो जाऊन बटण दाबतो. तेव्हापासून दर शुक्रवारी सव्वाचारला तो मेसेज येतो. बाकीच्या दिवशी मेसेज नाही, म्हणजे सगळं ठीक.

"वायरमनने आज चाचणीच घेतली नसेल," मी म्हणालो.

तिने वायरमनला फोन लावला. तो म्हणाला, "घेतली की, बाई. नेहमीसारखी चारला."

"आणि आमचा फ्रीज?"

"तो आम्ही नाही बघत. त्याचा मेसेज तुमच्या लोकांना जातो ना?"

फोन ठेवून ही खिडकीबाहेर बघत बसली. मग हळूच म्हणाली, "काढलं वाटतं मला यादीतून. दुपारी हार घातला आणि चारच्या आत नाव काढलं. एवढी कसली हो घाई?"

तिचे डोळे भरून आले. मला नेत्रपेढीतल्या तमाम माणसांचा राग आला. हिने त्यांच्यासाठी काय नाही केलं! दोनतीन कडक शब्द माझ्या तोंडात तयारही झाले होते. पण तेवढ्यात तिचाच चेहरा बदलला.

"पण यादी माझ्या खात्यात आहे," ती म्हणाली. "ती मीच बदलू शकते. दुसऱ्या कुणाला हातच लावता येत नाही तिला."

"मग?"

"मग मेसेज कुणालाच गेला नाही. प्रोग्रॅमच बंद आहे." ती उठून उभी राहिली. "अहो, मी आज लॉगआउट केलं."

"मग त्यात काय? निघताना माणूस दिवे घालवतोच की."

"अकरा वर्षांत मी एकदाही केलं नव्हतं! नुसती स्क्रीन लॉक करून यायची. आज त्या निरोपाच्या फॉर्मवर शेवटचा रकाना होता, 'संगणकातून लॉगआउट केले: होय / नाही'. मी शहाणी! केलं आणि 'होय'वर खूण केली. खातं महिनाअखेरपर्यंत राहणार होतं, म्हणून वाटलं प्रोग्रॅमही राहील. मशीन बंद होऊन चालू झालं की मी लॉगिन केल्याशिवाय तो सुरू व्हायचा नाही, हे मला ठाऊक होतं हो. पण मी बाहेर पडले की तोही माझ्यामागे बाहेर पडेल, हे मला कसं कळणार? मी कधी बाहेर पडलेच नव्हते."

एवढं बोलताना ती तीन फोन लावत होती. नेत्रपेढीत घंटा नुसतीच वाजत राहिली. इस्पितळाच्या दारावरच्या पहारेकऱ्याच्या चौकीचा फोन लागेना, तो बहुतेक वेळा कोणीतरी बाजूला काढूनच ठेवलेला असतो. तिसरा नंबर तिथल्या टेक्निशियन मुलीचा. तिने फोन कापला आणि लिहून पाठवलं, "ताई, एका घरी डोळे घ्यायला आलेय. घरची माणसं समोर आहेत. बोलता येणार नाही. अर्जंट?"

हिने लिहिलं, "फ्रीज." पण वाचल्याची खूण काही उमटली नाही. ती मुलगी आत गेली असणार. तिथे ती कुणाच्या तरी वडिलांपाशी किंवा आईपाशी उभी असणार, फोन कसा बघेल?

"आत किती बाटल्या आहेत?" मी विचारलं.

"दोन. कालच आल्यात. उद्या सकाळी दोन ऑपरेशनं आहेत. एक शिवणकाम करणारी बाई आहे, चौदा महिने वाट बघतेय. आज सकाळी भरती झाली, तेव्हा मला म्हणाली, सुईत दोरा ओवता आला की पहिला फोन तुम्हाला करीन." तिने चपला पायात सरकवल्या. "चला लवकर."

मी स्कूटर काढली. मी चौतीस वर्षं लिफ्टची दुरुस्ती केली आहे. माणसं मधल्या मजल्यावर अडकली की घाई कशी करायची आणि घाईत डोकं कसं जागेवर ठेवायचं, हे मला येतं. पण मागे बसलेल्या बायकोने खांदा असा घट्ट धरला की माणसाला सगळं विसरायला होतं. एक सिग्नल मी तोडला. दुसरा तोडणार होतो, पण ही म्हणाली, "थांबा. आपण पोचलो तर पाहिजे ना."

वाटेत मला बोलल्यावाचून राहवेना. "तुझ्या त्या प्रोग्रॅमची रचनाच उफराटी आहे. लिफ्टचा ब्रेक वीज असेपर्यंत उघडा राहतो. वीज गेली की आपोआप बसतो. आणि तुमच्यात? गप्प आहे म्हणजे ठीक आहे! गप्प माणूस मेलेलाही असू शकतो."

"अकरा वर्षांत हे आजच सुचलं तुम्हाला?"

"अकरा वर्षांत तू आज सांगितलंस."

"सांगितलं होतं. तुम्ही पेपर वाचत होतात."

मी स्कूटरचा वेग वाढवला.

पाचला दहा कमी असताना आम्ही पोचलो. चौकीतला पहारेकरी आम्हाला बघून उठला आणि हसला. दुपारी हिच्या निरोपाला त्यानेच सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवल्या होत्या.

"नेत्रपेढीची चावी दे," ही म्हणाली.

त्याचं हसू गेलं. "बाई, कार्ड?"

कार्ड तिने दुपारी साडेबाराला जमा केलं होतं. त्याच्याकडेच. पावती घेऊन.

"अरे, तू ओळखतोस ना मला?"

"ओळखतो हो. पण कार्ड नसलेल्या माणसाला चावी दिली तर माझी नोकरी जाईल. तुम्हीच मागे एकदा तक्रार केली होती, कुणालाही चावी देतात म्हणून. तेव्हापासून वहीत नियम लिहिलाय." त्याने वही उलगडून दाखवलीसुद्धा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

मी पुढे झालो. माझा आवाज चढणार हे तिने ओळखलं आणि मला हाताने मागे सारलं.

"बरोबर आहे तुझं," ती पहारेकऱ्याला म्हणाली. "मला चावी देऊ नकोस. तू घे, तू उघड, तूच आत जा. मी दारात उभी राहून सांगते काय करायचं ते. मी पाऊल आत टाकणार नाही. चालेल?"

त्याने क्षणभर विचार केला. "चालेल," तो म्हणाला आणि धावायलाच लागला.

दार उघडलं. तिची खुर्ची टेबलाखाली सरकवलेली होती. टेबलावर काही नव्हतं, दुपारीच तिने पुसून घेतलं होतं. ही उंबऱ्याबाहेर उभी राहिली. एकतीस वर्षं जिथे बसली त्या खोलीच्या दारात पाहुण्यासारखी उभी होती, आणि तिचं लक्ष त्या खुर्चीकडे नव्हतंच.

"कोपऱ्यात पांढरा फ्रीज. दार उघडू नकोस! बाहेर आकडा दिसतो, तो वाच."

"सात... सात पॉइंट तीन."

हिने भिंतीला हात टेकला.

"मागे हात घाल. डाव्या बाजूला लाल बटण आहे. पाच सेकंद दाबून धर. मोज."

त्याने मोठ्याने मोजलं. पाचाला फ्रीज घुरघुरला. असला घाणेरडा आवाज मी जन्मात इतक्या आनंदाने ऐकला नसेल.

पण आकडा लगेच उतरत नाही. पहारेकरी फ्रीजसमोर उकिडवा बसला आणि वाचत राहिला. सात पॉइंट तीन. सात पॉइंट चार. ही डोळे मिटून ऐकत होती. सात पॉइंट चार. परत सात पॉइंट चार. मी मनातल्या मनात देव पाण्यात घालून बसलो होतो. मग सात पॉइंट तीन. मग दोन. सहा पॉइंट नऊ आल्यावर पहारेकरी म्हणाला, "बाई, उतरतंय हो!" आणि आमचा तिघांचा जीव भांड्यात पडला. ही तिथेच जिन्याच्या पायरीवर बसली आणि रडायला लागली. मी पाठीवर हात ठेवला. ती म्हणाली, "काही नाही, बरं वाटतंय म्हणून रडतेय." खरंच तसंच होतं ते. मलाही बरं वाटत होतं, फक्त मी लिफ्टवाला, मी शिंकल्यासारखं केलं.

तापमान पाचावर आल्यावर ही उठली. "हे मिटलं, पण पुढचा शुक्रवार आहेच," ती म्हणाली आणि तळमजल्यावरच्या सर्व्हरच्या, म्हणजे त्या मोठ्या संगणकाच्या खोलीकडे निघाली.

तिथे एसी इतका गार असतो की तिथला माणूस बारा महिने लोकरीची टोपी घालून बसतो. तीन वर्षांपूर्वी आला तो. सगळं इस्पितळ त्याला कानटोपी म्हणतं, त्याच्या तोंडावरसुद्धा. वयाने आमच्या जावयाएवढा.

"काकू! तुम्ही परत?"

हिने त्याला सगळं सांगितलं. ऐकताना त्याने टोपी काढून डोकं खाजवलं.

"असंच होणार," तो म्हणाला. "तुमच्या नावाने मागे चालणारी कामं तुमच्या लॉगिनला बांधलेली असतात. तुम्ही शेवटचं दार लावून गेलात, की मशीन म्हणतं, हा माणूस गेला, याची कामं आता कशाला? आणि सगळी थांबवतं. पण त्याला एक सोय असते ना. या खात्याचा माणूस असो नसो, याची कामं चालू ठेव, मशीन सुरू झालं की तीही आपोआप सुरू कर, असं एकदा सांगून ठेवायचं."

"केवढं काम असतं ते?" हिने विचारलं.

"एक ओळ."

"एक ओळ?"

"एक ओळ, काकू. एकदाच. मग तुम्ही लॉगिन करा नाहीतर करू नका."

ही स्वतःशीच "एक ओळ" असं पुटपुटली. मला मात्र गप्प बसवेना. लेकीच्या लग्नाच्या आदल्या रात्री वीज जाऊन ते मशीन बंद-चालू झालं होतं, आणि सकाळी ही नटूनथटून, केसांत फुलं माळून, कार्यालयातून रिक्षाने इथे आली होती. का, तर लॉगिन करायला. घरून करायची परवानगी नव्हती. विहीणबाई विचारत होत्या, वधूमाय कुठे गेली, आणि मी सांगत होतो, डोळे बघायला. लेकीच्या बाळंतपणाला ही चारच दिवस गेली, कारण मध्ये मशीन बंद पडलं तर? समुद्र बघायचा आमचा बेत दरवर्षी ठरायचा आणि दरवर्षी राहायचा.

"मग हे अकरा वर्षं कुणी सांगितलं का नाही?" मी विचारलं. आवाज चढलाच.

"काका, मला कुणी विचारलंच नाही."

"तुझ्या आधीच्या माणसाला विचारलं होतं," ही म्हणाली. "तो म्हणाला, कायमचं काही चालवायचं असेल तर अर्ज करा. मी केला. उत्तर आलं नाही. मग मला वाटलं, नाही म्हणतायत. दुसऱ्यांदा विचारायची लाज वाटली. नोंदी ठेवणारी बाई, संगणकाचं काय कळतं हिला, असं म्हणाले असते."

आणि मग ती हसायला लागली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही अकरा वर्षांचा. हसता हसता तिला ठसका लागला. कानटोपीने घाबरून स्वतःची पाण्याची बाटली पुढे केली.

पाणी पिऊन ती म्हणाली, "ही ओळ माझ्या खात्याला लावू नकोस. महिनाअखेर ते बंद होईल. नेत्रपेढीच्या नावाने खातं काढ, कुणा माणसाच्या नावाने नको. प्रोग्रॅम तिथे हलवू."

"मी हलवतो, तुम्ही बसा."

"नाही रे, तू माझ्या बाजूला बस. मी हलवते."

तिने चष्मा लावला. दोन बोटांनी टाइप करते ती, पण एकही अक्षर चुकत नाही. यादी उघडली तेव्हा सगळ्यांत वर तिचाच नंबर होता. कानटोपी म्हणाला, "हा ठेवायचा ना, काकू? घरबसल्या कळेल तुम्हाला."

मला वाटलं, ही हो म्हणणार. तिची बोटं थांबली.

"नको," ती म्हणाली. "मला कळून मी काय करणार? वीस मिनिटं लांब राहते मी, आणि कार्डही नाही. इथे पहारेकऱ्याचा मोबाइल टाक. तो इथे आवारातच राहतो, आणि बटण कुठे आहे ते आता त्याला माहीत आहे."

तिने आपला नंबर स्वतःच खोडला.

"आणि रोज सकाळी नऊला एक मेसेज जाऊ दे," मी म्हणालो. "सगळं ठीक आहे, असा. नाही आला तर समजायचं, घोडं कुठेतरी पेंड खातंय."

कानटोपीने माझ्याकडे आदराने पाहिलं. "काका, हे बरोबर बोललात."

"लिफ्ट," ही म्हणाली. "चौतीस वर्षं." आणि माझ्याकडे न बघता तेही लिहून टाकलं.

मग तिने एक ओळ टाइप केली, ती ओळ. दोन्ही खात्यांतून बाहेर पडली आणि हात मांडीवर ठेवून बसली. कानटोपीने आपल्या मशीनवर बघून सांगितलं, "चालू आहे, काकू. तुम्ही नाही आहात, आणि चालू आहे."

तरी तिची खात्री होईना. वर जाऊन तिने पहारेकऱ्याला तापमापकाची वायर फ्रीजच्या भोकातून हळूच बाहेर ओढून मुठीत धरायला सांगितली. स्वतः उंबऱ्याबाहेरच उभी होती. पाच मिनिटांच्या आत त्याच्या खिशातला फोन असा खणखणला, की त्याच्या हातून वायर सुटली. पाठोपाठ त्या टेक्निशियन मुलीचा फोन आला. ती परतीच्या गाडीत होती, आवाज रडवेला झाला होता. "ताई, तुमचं 'फ्रीज' आत्ता बघितलं! आणि आता हा मेसेज! काय झालं?"

"काही नाही गं बाळा," ही म्हणाली. "सगळं ठीक आहे. सावकाश ये."

घरी आलो तर चहावर जाड साय धरली होती. तिने तो तसाच गरम करून प्यायला. मला म्हणाली, "साडेनऊलाच झोपते. उद्या लवकर उठायचं नाहीये."

दुसऱ्या दिवशी पावणेअकराला माझा फोन वाजला. टेक्निशियन मुलगी होती. म्हणाली, "काका, ताईंचा फोन बंद लागतोय. त्यांना सांगा, दोन्ही ऑपरेशनं झाली. दोन्ही पडदे छान बसले. डॉक्टर म्हणाले, त्या बाईंची पट्टी उद्या काढू."

"उठवू का तिला?"

"अजून झोपल्यात?" तिला नवल वाटलं. मग म्हणाली, "नको, नको. उठवू नका."

मी आत जाऊन पाहिलं. ही भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन झोपली होती, तोंड थोडंसं उघडं. खिडकीतलं ऊन तिच्या मानेपर्यंत आलं होतं. मी पडदा अर्ध्यापर्यंत ओढला आणि दार लावून घेतलं.